दारातली मंडळी

दसरा झाला की आमच्या गावातली माणसं ऊसतोडीला जायची आणि मागं उरायचो आम्ही. आम्ही म्हणजे मुकादमानं न उचललेला माल. मुकादम म्हणजे साखर कारखान्यासाठी मजूर गोळा करणारा माणूस. तो वस्तीवर येऊन कोयते ठरवायचा. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची. एकट्या माणसाला त्या हिशोबात जागाच नव्हती. आणि लंगड्या-आंधळ्यांच्या दारावरून तर त्याची मोटारसायकल अशी सुसाट जायची, जणू आम्हीच त्याच्या मागं लागणार होतो.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून कुबडी आणली होती. तिच्यावर टेकत टेकत मी गावच्या दूध सोसायटीत मापाला बसायला जायचे. पाय गेला, पण तोंड शाबूत राहिलं, आणि तोंडानं मी कुणाला सोडत नसे. आई म्हणायची, ‘आगं, पायाचं बळ बी तुझ्या जिभेतच उतरलंय बाई.’ ती काही खोटं बोलत नव्हती.

धर्मापुरीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत गेलं की आमचं गाव. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला आमचं चर्च. दगडी भिंती, वर पत्रा, समोर लिंबाचं झाड. त्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. ती वाजवायचा मामा. मामा जन्माचा बहिरा आणि मुका. एका हातानं हातोडी मारायचा आणि दुसरा तळवा लिंबाच्या बुंध्यावर ठेवायचा. आवाज त्याला बुंध्यातून कळायचा. हातातली थरथर थांबली की मगच पुढचा ठोका.

आणि आत्या. ती माझीच नाही, सगळ्या वस्तीची आत्या. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले, आणि चेहऱ्यावर वण राहिले. लग्न झालं नाही. चिंचा फोडून, दोऱ्या वळून तिनं जन्म काढला. स्तोत्रं तिला पाठ होती. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वाचताना एखादी ओळ गाळून पुढं गेले की ती दारातून हळूच म्हणायची, ‘ऱ्हायली.’ मग मला हसू आवरायचं नाही.

दारातून म्हणायची, कारण आमची जागा दारातच होती. चर्चमध्ये पुढं लाकडी कठडा, कठड्याजवळ पंच आणि त्यांच्या घरची माणसं, मग बाकीची घरं, पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. आणि सगळ्यांच्या मागं, चपला काढतात तिथं आम्ही तिघं. आम्हाला कुणी हाकललं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उलट फार मायेनं बोलायचे. ‘तुमाला दार जवळ बरं पडतंय.’ बरं पडतंय म्हणे! पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात झळा आणि बारा महिने चपलांचा वास. ते कसं बरं पडतं, हे त्यांनी एकदा बसून बघायला पाहिजे होतं.

प्रभुभोजनाच्या दिवशी सगळे कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे. पाळकसाहेब एकच पितळी पेला प्रत्येकाच्या ओठाला लावायचे. त्यात भिजवलेल्या काळ्या मनुकांचा रस. प्रत्येकानंतर पेल्याची कड पांढऱ्या फडक्यानं पुसायची, ही रीत. कठडा संपला की शेवटी पेला आमच्याकडं दारात यायचा, तळाशी थोडासा उरलेला. आमच्यानंतर पाळकसाहेब फडक्याची घडी उलटून कड दोनदा पुसायचे. आत्याला ते दिसत नव्हतं, मला दिसायचं. पण आत्याला कापडाचा आवाज यायचा.

ती मला म्हणायची, ‘मरायच्या आधी एकदा कठड्यापाशी बसून पेला घ्यायचाय बघ मला. भरलेला. तळाचा न्हाई.’

‘मग चल की पुढं. कोण धरून ठेवलंय?’

‘कुणी न्हाई गं. म्हणूनच तर जाववत न्हाई.’

तेव्हा मला तिचा राग यायचा. मी काही वेगळी नव्हते, मी पण दारातच बसत होते, पण राग यायचा खरा.

आता गोणपाटाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. ऊसतोडीला जायच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घर आपलं बसायचं गोणपाट चर्चमध्ये आपल्या जागेवर चौघडी घालून ठेवायचं, आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून वर एक दगड. त्या गोणपाटाला परत येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यावर बसायचं तर नाहीच नाही. बसलं तर ज्याचं गोणपाट आहे तो माणूस परत येत नाही, अशी समजूत. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात नाही, पण लोकांच्या मनात आहे, राहू दे.

लोक गेले की पाळकसाहेबही यायचं थांबवायचे. ते तालुक्याला राहायचे. ‘मंडळीच गावात न्हाई तर येऊन काय करू?’ म्हणायचे. आता बघा, आम्ही होतो की गावात! आत्या होती, मामा होता, मी होते, दोन-चार म्हातारे होते. पण आम्ही मंडळीत धरले जात नव्हतो. म्हणजे दसऱ्यापासून होळीपर्यंत गावात प्रभुभोजन नाही.

उपासना मात्र व्हायची. ती आमची आम्हीच करायचो. मामा रूळ वाजवायचा, आत्या स्तोत्र म्हणायची, मी भजन धरायचे. आमची भजनं अशी की एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, त्याला झील म्हणतात. आता झील धरायला कोण होतं? समोर नुसती गोणपाटं. पहिल्या वर्षी मी ओळीमागून ओळ घाईनं म्हणत सुटले, तर आत्यानं माझा हात दाबला. ‘थांब. त्यांची झील त्यांनाच ठेव. तिकडं उसात म्हणत असत्याल.’ तेव्हापासून मी ओळ म्हणायचे आणि झिलेएवढा वेळ गप्प बसायचे. रिकाम्या चर्चमध्ये, समोर दगड ठेवलेल्या गोणपाटांच्या रांगा, आणि मध्येच ती शांतता. त्या शांततेत पत्रा तापून कडकड वाजायचा. सवय झाली तरी त्या वेळी मी समोर बघायचं टाळायचे.

तुम्ही म्हणाल, सगळं चर्च रिकामं, तर पुढं जाऊन का नाही बसलात? तेच तर. कुणीही नव्हतं, तरी आम्ही तिघं दारात चपलांच्या जागी बसत होतो. चपलाही नव्हत्या तिथं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तर साल बघितलेले म्हातारे म्हणाले, हे त्याच्याच जातीचं आहे. ज्वारी वीतभर वर येऊन जागीच वाळली. विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागले, तेही कोरडे. दूध सोसायटीत कॅन भरेना. टेम्पोवाला रोज यायचा, अर्धा कॅन उचलायचा आणि जायचा. मुकादम दसऱ्याच्या आधीच आला, आणि जे कधी उसाला गेले नव्हते तेही त्या वर्षी गेले. गाव असं रिकामं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. दारांना बोरीच्या काट्या लावलेल्या. गाड्यांमागं कुत्री दूरपर्यंत गेली आणि दोन दिवसांनी एकेक करून परत आली, ती भुंकायचीच विसरली होती. भर दुपारी वस्तीतून चालताना माझ्या कुबडीचा ठक ठक आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायचा, आणि मला वाटायचं, मागून कुणीतरी दुसरंही कुबडीवर येतंय. वळून बघितलं तर फुफाटा.

त्या वर्षी गेलेल्यांत एक जोडपं होतं. त्याला मी दादा म्हणायचे, तिला वहिनी. पोटी लेकरू नव्हतं. दादा दणकट, हसरा, आणि आवाज असा की पत्रा हलावा. पण तालाचं आणि त्याचं जन्माचं वैर. सगळ्यांची झील संपायची तरी ह्याचं शेपूट मागं लोंबत राहायचं. ‘...आऽऽऽ’ करत एकटाच. मी पुढची ओळ सुरू करायला तोंड उघडलेलं असायचं आणि हे महाशय अजून मागच्याच ओळीत.

‘दादा, तुझं शेपूट कापून ठेव की घरी,’ मी म्हणायचे.

‘मग माश्या कशानं हाकलू?’ तो म्हणायचा. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

जायच्या रविवारी त्यांनी कठड्याजवळच्या ओळीच्या टोकाला गोणपाट ठेवलं. दादानं वर दगड ठेवला, आणि जाता जाता दारात आत्याच्या पाया पडला. ‘आत्या, ध्यान ठेव गं जागेवर.’ आत्या म्हणाली, ‘माझं ध्यान म्हंजे आंधळीचं ध्यान.’ सगळे हसले.

पुढं थंडी पडली. एका रविवारी, उन्हं चांगली वर आली होती, आम्ही तिघं आणि एक म्हातारा एवढेच होतो. स्तोत्र झालं. आत्या अचानक उठली. भिंतीला हात लावत पुढं निघाली.

‘कुठं चाललीस?’

‘कठड्यापाशी. बसून बघते कसं वाटतंय.’

‘आगं, तिथं गोणपाटं हायती!’

‘कडंकडंनं जाते.’

ती गेली. मी बघत राहिले. आत्या चाचपडत कठड्याशी पोचली, लाकडावरून हात फिरवला, आणि खाली वाकून जमीन चाचपली. ती तशीच वाकून राहिली. मग आमच्याकडं वळून तिनं विचारलं, ‘इथनं कोण उठून गेलं आत्ता?’

‘कुणी न्हाई. कोण उठंल?’

‘गोणपाट ऊन हाय गं. आत्ता कुणी बसून उठल्यावानी.’

 तिथं ऊन पोचत नव्हतं. खिडकी उत्तरेला होती आणि दगडाची जमीन गारठलेली होती. मी ‘माघारी ये’ म्हणायच्या आत आत्यानं दगड बाजूला ठेवला आणि ती त्या गोणपाटावर मांडी घालून बसली. ते दादाचं गोणपाट होतं.

‘म्हण,’ ती म्हणाली. ‘भजन धर.’

मी धरलं. काय करणार? गप्प बसले असते तर भीती जास्त वाटली असती. एक ओळ म्हटली आणि झिलेसाठी थांबले. नेहमीसारखी शांतता. पत्राही वाजत नव्हता. पुढची ओळ घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं हात वर केला.

‘थांब. त्याचं शेपूट संपू दे.’

मला काही ऐकू आलं नव्हतं, आजही मी तेच सांगते. पण मी मामाकडं बघितलं. मामा आमच्या उपासनेत नेहमी बाहेर लिंबाकडं बघत बसायचा, त्याला आतलं काय कळणार? तो मामा तळवा जमिनीवर टेकून पुढं बघत होता. रूळ वाजवल्यावर बुंध्यावर ठेवायचा तसाच तळवा. आणि थरथर थांबायची वाट बघावी तसा तो थोडा वेळ थांबला, मग त्यानं हात उचलला. त्याच वेळी आत्या म्हणाली, ‘हां. आता म्हण.’

मी भजन पुरं केलं नाही. माझ्याच्यानं होईना. आत्याला हाताला धरून बाहेर आणलं. दगड परत गोणपाटावर ठेवायला हवा होता, पण त्या ओळीपर्यंत जायला कुणी तयार झालं नाही. मी तर नाहीच.

आठवड्याच्या मधल्या एका सकाळी टेम्पोवाला कॅन न उचलता नुसता उभा राहिला. ‘तुमच्या वस्तीतला एक गेला म्हणं उसात. मोठ्या आवाजाचा.’ ट्रकवर मोळी चढवताना फळीवरून पाय सरकला, मानेवर पडला. त्याच रविवारी, सकाळी. तिकडंच माती दिली. वहिनी त्या वेळी कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत भाकरी थापत होती. तिला कळवायला माणूस गेला तोवर सगळं संपलं होतं.

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती चिंचा फोडत होती. तिचा हात थांबला. मग म्हणाली, ‘मला वाटलं, भेटाय आला.’ आणि तिनं चिंच खाली ठेवली, ती त्या दिवशी परत उचलली नाही.

‘गोणपाटावर बसलतीस ते कुणाला बोलू नगस,’ मी म्हटलं. ‘लोकं तुला जित्ती गाडतील.’

‘बसलते तर बसलते म्हणंन. खोटं कावून बोलू?’

त्यानंतरचे रविवार कसे गेले, ते आठवलं तरी नको वाटतं. सगळ्या गोणपाटांवर दुष्काळाची धूळ बसत होती, जाड, पिवळी. दादाच्या गोणपाटावर आत्या बसली होती तिथं एक गोल तसाच राहिला, त्यावर धूळ बसलीच नाही. फेब्रुवारीत वावटळ आत शिरली, दगडासकट दोन गोणपाटं उलटी झाली. बिनदगडाचं ते एक जागचं हललं नाही. आत्या परत दारात येऊन बसायला लागली. भजन मी धरायचे, पण झिलेची जागा मी ठेवेनाशी झाले. ओळीला ओळ लावून घाईनं उरकायचे. आत्यानंही परत हात दाबला नाही.

होळीच्या सुमारास गाड्या परतल्या. वहिनी उतरली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. ती थेट चर्चमध्ये गेली, तिच्यामागं सगळे. बाजूला ठेवलेला दगड तिनं बघितला, गोणपाटावरचा गोल बघितला. वळून विचारलं, ‘कोण बसलतं?’

कुणी बोलायच्या आत आत्या दारातून म्हणाली, ‘मी, माय.’

मग वहिनीनं जे काही म्हटलं, ते मी लिहीत नाही. तिचं दुःख होतं ते. पण एक वाक्य लिहिते, कारण ते पंचांनी उचललं. ‘ही आंधळी ज्या पेल्याला तोंड लावंल त्या पेल्याला मी लावणार न्हाई.’

ईस्टरला पाळकसाहेब आले. पंच त्यांच्या कानाला लागले. मंडळी दुखावलेली आहे, एका घरावर वीज पडलेली आहे, तर काही दिवस आत्यानं बाहेर ओट्यावर बसावं, आणि पेल्याचं काय ते मनं शांत झाल्यावर बघू. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कुणालाच नाराज करता येत नसे. त्यांनी मान हलवली.

मी उभी राहिले. ‘मनं शांत व्हायला आत्याला अजून किती आयुष्य दिलंय ते बी सांगा की! तिला तळाचा घोट देत होता, आता तो बी काढून घ्या. आणि ह्यो सण कशाचा हाय म्हणता? प्रभू मरणातून उठून बसल्याचाच ना?’

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू पायासोबत माझं डोकंही गेलंय. आत्यानंच माझा पदर ओढला. ‘गप ए. माझ्या पायी त्या पोरीला पेल्यावाचून उपाशी कावून ठेवायची?’ आणि ती उठून ओट्यावर जाऊन बसली. मामा तिच्याशेजारी जाऊन बसला. मीही गेले. त्या ईस्टरला आम्ही तिघांनी आतली झील बाहेरून ऐकली. त्या झिलेला शेपूट नव्हतं, ते सगळ्यांनाच जाणवलं असणार, कारण प्रत्येक ओळीनंतर आतले क्षणभर अडखळत होते.

त्या वर्षी थोडाफार पाऊस झाला. आत्या मात्र उतरत चालली. खोकला धरला, अन्न जाईना. दसऱ्याला मुकादम आला. वहिनी त्याच्यापुढं उभी राहिली. ‘म्या एकटी दोघांचं काम करीन,’ म्हणाली. मुकादम मोटारसायकलवरून उतरलाही नाही. ‘अर्ध्या कोयत्याचं मी काय करू बाई?’ आणि आमच्या दारावरून जायचा तसा तिच्याही दारावरून सुसाट गेला.

सगळे गेले. गोणपाटं ठेवून, दगड ठेवून गेले. वहिनी मागं उरली. एकाच वस्तीत, पण आमच्याशी बोलेना. रविवारी मामा रूळ वाजवायचा तेव्हा ती आपल्या उंबऱ्यात बसून राहायची.

डिसेंबरात आत्याचं काही खरं दिसेना. मी टेम्पोवाल्याच्या हाती तालुक्याला पाळकसाहेबांना निरोप पाठवला. नीट बोलायचं ठरवलं होतं, पण तोंड माझंच. ‘सांग त्यांना, मंडळी गावातच हाय. यायचं तर नाताळाच्या आधी या, न्हाईतर मातीला या.’ टेम्पोवाल्यानं ते जसंच्या तसं सांगितलं असावं. रविवारी सकाळी पाळकसाहेब दुधाच्या टेम्पोतूनच उतरले, रिकाम्या कॅनांशेजारी बसून, पेल्याची पिशवी मांडीवर घेऊन.

मामानं आणि मी आत्याला दोन्हीकडून धरून आणलं. तिनं पाय आपसूक दारातच थांबवले आणि ती खाली बसली. पाळकसाहेबांनी पुढं कठड्यावर कापड अंथरलं, पेला भरला. तेवढ्यात दारात सावली पडली. वहिनी. काखेत दादाचं ते गोणपाट.

 मी कुबडी घट्ट धरली. आज जर ही आत्याला काही बोलली, तर ही कुबडी मी काय करीन मला माहीत नाही, असं मनात आलं.

वहिनी आमच्याकडं बघत उभी राहिली. मग चपलांच्या जागेकडं बघितलं. आता तिचीही जागा तीच होती, तिला कुणी हाकललं नव्हतं, पण तीच होती. ती खाली वाकली आणि आत्याच्या दंडाला धरलं.

‘उठ, आत्या. पुढं चल.’

‘कोण? तू हायस व्हय?’

‘मीच.’

तिनं आत्याला भिंतीच्या कडेनं नेलं. कठड्याजवळ, ओळीच्या टोकाला, जिथं ते गोणपाट असायचं तिथंच ते तिनं अंथरलं. आत्याला अर्ध्यावर बसवलं, उरलेल्या अर्ध्यावर आपण बसली. मग मामा गेला. मग मी. पाळकसाहेब पेला हातात धरून थांबले होते. वहिनीला त्यांचं भान नव्हतं.

‘आत्या,’ ती म्हणाली, ‘तो रविवारी मोळी चढवताना म्हणायचा ते भजन. मुकादम शिव्या घालायचा तरी म्हणायचा. त्या दिशी मी कोपीवर होते. मला न्हाई ऐकू आलं.’ तिनं गोणपाटावरून हात फिरवला. ‘तुला आलं म्हणं, त्या म्हाताऱ्यानं सांगितलं. खरं सांग मला. दमल्यावानी होता का त्याचा आवाज?’

 मला वाटलं, आत्या रडेल. पण आत्यानं तिचा हात चाचपून धरला आणि ती अशी बोलली, जशी एखाद्या खुळ्या पोरीला समजावतेय.

‘न्हाई गं. शेपूट केवढं लांबवलं त्यानं! दम नसल्यावर लांबतंय व्हय ते?’

वहिनीनं हुंदका दिला, आणि त्याच हुंदक्यात ती हसली. दादाच्या शेपटावर ती नेहमी हसायची तशी, पदर तोंडाला लावून.

पाळकसाहेबांनी आत्याच्या ओठाला पेला लावला. काठोकाठ भरलेला पेला, आत्याचा पहिला. तिनं मोठा घोट घेतला, थोडा हनुवटीवर सांडला. पाळकसाहेबांनी सवयीनं पांढरं फडकं काढलं आणि पेल्याची कड पुसायला नेलं.

वहिनीनं त्यांचा हात धरला.

‘पुसू नका,’ ती म्हणाली, आणि आत्याचे ओठ जिथं लागले होते तिथंच तिनं आपले ओठ लावले.